लहान टीमसाठी अजाईल आणि लीन: कल्पना सुचण्यापासून ग्राहकाच्या उत्तरापर्यंत

नव्या स्टार्टअपमध्ये अजाईल, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवून प्रतिसादाप्रमाणे बदलत जाण्याची पद्धत, बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून शिरतं. आधी जिराचं (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) खातं उघडलं जातं, मग रोज सकाळी दहाचं स्टँडअप (उभ्या-उभ्या होणारी छोटी मीटिंग) सुरू होतं, मग स्टोरी पॉइंटवर (कामाच्या आकाराला दिलेल्या अंदाजी गुणांवर) वाद. सहा महिन्यांनी बोर्डावर शे-दीडशे कार्डं साचलेली असतात, सगळे दमलेले असतात आणि उत्पादन रोज वापरणारे ग्राहक मात्र बोटांवर मोजण्याइतके.

या लेखात एकच माप धरून चालू या. कल्पना सुचल्यापासून खऱ्या ग्राहकाने ती वापरून किंवा न वापरून उत्तर देईपर्यंत किती दिवस जातात? जी पद्धत हे दिवस कमी करते ती ठेवायची. जी करत नाही ती कितीही प्रतिष्ठित असली तरी बाजूला.

थोडी पार्श्वभूमी, कारण त्यातूनच एक गफलत कळते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. कागदपत्रांच्या ओझ्याखाली दबलेल्या प्रकल्पांना ही मंडळी वैतागली होती. पण त्यांच्या जगात ग्राहक समोर बसलेला असायचा. त्यांच्यातल्या केंट बेक यांची एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही अजाईल पद्धत क्रायस्लर कंपनीच्या पगार-प्रणालीच्या प्रकल्पात आकाराला आली. पगार कोणाला द्यायचा, कसा काढायचा हे सांगणारं माणूस तिथे हजर होतं. स्टार्टअपमध्ये नेमकं हेच नसतं. काय बनवायचं हे कोणालाच पक्कं ठाऊक नसतं आणि प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) म्हणून बसलेला संस्थापकही अंदाजच बांधत असतो. म्हणून नुसतं स्क्रम (ठरावीक लांबीच्या फेऱ्यांत काम करण्याची अजाईल पद्धत) आणलं तर चुकीची गोष्ट दर दोन आठवड्यांनी वेळेवर तयार होते.

ही पोकळी दोन बाजूंनी भरली गेली. टोयोटात ताइची ओनो यांनी उभ्या केलेल्या उत्पादन-पद्धतीतला वाया जाणारी गोष्ट शोधून काढण्याचा विचार मेरी आणि टॉम पॉपेनडीक यांनी २००३ च्या सुमारास सॉफ्टवेअरमध्ये आणला; यालाच लीन म्हणतात. उद्योजक स्टीव्ह ब्लँक आणि त्यांच्यामागून एरिक रीस यांनी ग्राहक शोधणं हेच स्टार्टअपचं पहिलं काम असं मांडलं. पुढच्या पायऱ्यांमध्ये या सगळ्यांतलं कामापुरतं घेतलंय.

उदाहरणासाठी एक काल्पनिक टीम धरू. पुण्यात बसलेले पाच जण: दोन संस्थापक (एक कोड लिहिणारा, एक गावोगाव फिरणारी), दोन डेव्हलपर आणि डिझाइन व टेस्टिंग दोन्ही बघणारी एक जण. बनवताहेत सांगली-कोल्हापूरकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी हिशेबाचं ॲप. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजून दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो, दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल निघतं, त्यातून पशुखाद्याची रक्कम आणि उचल वजा होते. ऐकायला सोपं आहे. तसं ते नाही, आणि म्हणूनच उदाहरण म्हणून चांगलं आहे.

पायरी १: फीचरची यादी बाजूला ठेवा, गृहीतकं लिहा

संस्थापकांना विचारलं की ते फीचर सांगतात: मोबाइलवर पावती, फॅट मशीनशी जोडणी, उत्पादकाला एसएमएस, मराठी व्हॉइस. प्रत्येक फीचरच्या पोटात एक गृहीतक दडलेलं असतं. ते वेगळं काढून लिहायचं. ‘केंद्राच्या सचिवाला बिल बनवायला फार वेळ लागतो.’ ‘उत्पादकांचा हिशेबावर विश्वास नाही.’ ‘ॲपसाठी केंद्र दरमहा पैसे देईल.’ ‘संकलनाच्या वेळी इंटरनेट असतं.’

मग प्रत्येकापुढे दोन प्रश्न: हे खोटं निघालं तर धंदा बुडेल का? आणि आपल्याकडे पुरावा किती? ज्याच्यापुढे ‘बुडेल’ आणि ‘पुरावा नाही’ असं येतं, ते पहिलं. आपल्या उदाहरणात ते बहुधा पैसे देण्याचं गृहीतक असेल. व्हॉइस फीचर यादीत कितीही खाली गेलं तरी चालेल.

हे न करण्याची किंमत काय असते, याचं रीस यांच्याच कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ साली सुरू झालेल्या आयएमव्हीयूने (अवतार घेऊन गप्पा मारण्याची ऑनलाइन सेवा) असं धरून चाललं की लोकांना आणखी एक नवा मेसेंजर नको असणार, आपलं उत्पादन त्यांच्या जुन्या मेसेंजरमध्येच बसलं पाहिजे. त्या जोडण्या लिहिण्यात सहा महिने गेले. बाजारात आल्यावर कळलं की लोकांना नवा मेसेंजर चालतो. उलट अनोळखी गोष्ट दाखवायला जुन्या मित्रांना बोलावणंच त्यांना नको होतं. मेहनतीने लिहिलेला तो कोड टाकून द्यावा लागला, आणि त्यात बग होते की नव्हते याने काही फरक पडला नाही.

गृहीतक तपासायला ग्राहकाशी बोलायचं, पण विचारायचं कसं याला महत्त्व आहे. ‘असं ॲप असेल तर वापराल का?’ हा प्रश्न आपल्याकडे अगदीच निरुपयोगी. पाहुणा पुण्याहून आलाय, चहा झालाय, समोरचा ‘व्हय व्हय, चांगलं हाय की’ म्हणणारच. मत विचारू नका, मागचं घडलेलं विचारा. मागच्या बिलात चूक निघाली होती का? कोणाच्या लक्षात आली? ती निस्तरायला किती वेळ गेला? सध्या बिल कशावर करता आणि त्याला वर्षाकाठी किती खर्च येतो? आणि शक्य असेल तर विचारूच नका, पहाटेच्या संकलनाला जाऊन बसा. किटल्या घेऊन रांग लागलेली असताना सचिवाला मोबाइलवर चार बटणं दाबायला खरंच फुरसत आहे का, हे दहा मिनिटांत दिसतं.

प्रत्येक गृहीतकासाठी एक कार्ड करा आणि त्यावर चारच ओळी लिहा: आम्हाला काय वाटतं, ते खरं असेल तर काय दिसेल, ते कसं तपासणार, कोणत्या तारखेपर्यंत. दुसरी ओळ आकड्यात हवी. ‘दहा केंद्रांपैकी किमान तीन केंद्रं पुढच्या बिलासाठी ५०० रुपये आगाऊ देतील’ हे चालतं. ‘चांगला प्रतिसाद मिळेल’ हे चालत नाही. आकडा आधीच लिहायचा, कारण निकाल हातात आल्यावर प्रत्येक निकाल चांगलाच वाटतो.

पायरी २: कोड न लिहिता जेवढं कळेल तेवढं कळून घ्या

१९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी गावातल्या बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले, वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. पुढे त्याचं झॅपोस हे ऑनलाइन बुटांचं दुकान झालं. फाइली सगळ्या संगणकांवर सारख्या ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या ड्रू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये उत्पादन सर्वांसाठी खुलं होण्याआधी त्याचं प्रात्यक्षिक दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला. बीटासाठीची (चाचणी आवृत्तीसाठीची) प्रतीक्षायादी रातोरात ५,००० वरून ७५,००० वर गेली. लोकांची किरकोळ कामं करून देणारं बंगळुरूचं डन्झो सुरुवातीला व्हॉट्सॲपवरच्या संदेशांवर चालत होतं.

तिन्हींमध्ये शंका वेगळी होती. झॅपोसला लोक न घालून बघता बूट घेतील का हे हवं होतं, ड्रॉपबॉक्सला फाइली सगळीकडे सारख्या ठेवण्याच्या अडचणीची लोकांना जाणीव आहे का हे, डन्झोला लोक अनोळखी माणसाला काम सांगतील का हे. म्हणून तपासण्याची रीतही वेगळी. ‘एमव्हीपी (तपासणीपुरतं किमान उत्पादन) बनवू’ म्हणून अर्धं ॲप बनवायला घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अर्ध्या ॲपने बहुधा एकाही शंकेचं उत्तर मिळत नाही.

आपल्या टीमने काय करावं? एक केंद्र, एक दहा दिवसांची पाळी. सचिवाने रोज रात्री रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, टीममधल्या कोणीतरी ते शीटमध्ये भरायचे, अकराव्या दिवशी सगळ्या उत्पादकांची बिलं पीडीएफमध्ये परत पाठवायची. कोड शून्य. पण या दहा दिवसांत जे बाहेर येतं ते कुठल्याही मीटिंगमध्ये आलं नसतं: दरपत्रक पाळीच्या मध्येच बदलतं, एकाच घरातल्या दोन भावांची खाती वेगळी पण किटली एक, मशीन बंद पडलं की कालचाच फॅट धरतात. यातली प्रत्येक गोष्ट पुढे डेटाबेसच्या रचनेवर परिणाम करणार असते.

आणि पैसे घ्या. थोडे का होईना. फुकट वापरणाऱ्याचं कौतुक आणि पैसे देणाऱ्याची तक्रार यांत तक्रारीला जास्त भाव द्यावा.

पायरी ३: काम उभं कापा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा आणि नेमका इथेच सगळ्यात कमी दिला जातो.

डेव्हलपरला काम दिलं की तो सवयीने आडवं कापतो: आधी डेटाबेस, मग एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन यांना जोडणारा भाग), मग स्क्रीन, शेवटी प्रिंट. सहा आठवडे गेले तरी सचिवाच्या हातात द्यायला काही नसतं. उभा काप म्हणजे डेटाबेसपासून छापील बिलापर्यंत सगळं, पण अतिशय चिंचोळं. पहिला काप असा असू शकतो: एकच केंद्र, फक्त गायीचं दूध, एकच दरपत्रक, कपात नाही, सुधारणा नाही, बिल साध्या पीडीएफमध्ये. दरपत्रक कोडमध्येच लिहिलेलं असलं तरी चालेल. हे केंद्राला देता येतं. पूर्ण नसेल, पण केंद्रातल्या गायीवाल्या उत्पादकांची बिलं त्यातून खरोखर निघतात, आणि बाकीची अजून शीटवरच निघतात.

पुढचे काप कुठे करायचे यासाठी काही ठरलेल्या जागा उपयोगी पडतात. माहितीच्या प्रकारावर (गाय झाली, आता म्हैस). नियमाच्या अपवादावर (आधी दर बदलत नाही असं धरलं, आता मध्येच बदलतो). वापराच्या पायरीवर (आधी फक्त नोंद, मग चुकलेली नोंद दुरुस्त करणं). उपकरणावर (आधी हाताने फॅट भरा, मग मशीनमधून आपोआप). मशीनची जोडणी बघायला सगळ्यात आकर्षक असते, डेमोत टाळ्या मिळवते, म्हणून प्रत्येक जण ती आधी घ्यायला बघतो. पण एकेका कंपनीचं मशीन वेगळ्या पद्धतीने आकडे पाठवतं. ते काम शेवटी घ्या.

कापाचा आकार किती? एका माणसाचे किंवा एका जोडीचे दोन-तीन दिवस. त्याहून मोठं कार्ड बोर्डावर येऊच द्यायचं नाही. स्टोरी पॉइंट, प्लॅनिंग पोकर (पत्ते दाखवून कामाचा अंदाज बांधणं) वगैरे पाच जणांच्या टीमला माझ्या मते लागत नाही. ‘हे तीन दिवसांत लाइव्ह जाईल का?’ एवढंच विचारायचं. ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ आलं की पुन्हा कापायचं. सगळी कार्डं साधारण सारख्या आकाराची झाली की आठवड्याला किती कार्डं संपतात एवढं मोजलं तरी अंदाज पुरतो.

कार्डावर लांबलचक वर्णन लिहिण्यापेक्षा आकड्यांचं एक उदाहरण लिहा. ‘सकाळ, ६.४ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दर ३४.६० रुपये, रक्कम २२१.४४ रुपये.’ हे उदाहरण मांडल्याबरोबर टेबलावर प्रश्न येतो: ४४ पैशांचं काय करायचं? रोजच्या रकमेला पूर्णांक करायचं की दहा दिवसांच्या बेरजेला? सचिवाला फोन लावला की उत्तर मिळतं. हाच प्रश्न कोड लाइव्ह झाल्यावर निघाला असता तर शंभर बिलं चुकली असती. शिवाय हेच उदाहरण पुढे जसंच्या तसं ऑटोमेटेड टेस्टमध्ये जातं.

पायरी ४: बोर्ड लावा आणि हातातल्या कामाला मर्यादा घाला

बोर्ड भिंतीवर असो की ट्रेलोसारख्या ॲपवर, रकाने कमी ठेवा: ठरलेलं, चालू, तपासणीत, लाइव्ह, ग्राहकाने वापरलं. शेवटचा रकाना बहुतेक बोर्डांवर नसतो. तो मुद्दाम घाला. कार्ड लाइव्ह झालं म्हणजे टीमचं काम संपलं, पण आपलं माप ग्राहकाच्या उत्तरापर्यंतचं आहे. लाइव्हमध्ये दहा कार्डं अडकून पडलेली दिसली की नवं काही बनवण्याआधी गावोगाव फिरणाऱ्या संस्थापकाला विचारायचं की हे कोणी वापरतंय का.

आता मर्यादा. चालू रकान्यात जास्तीत जास्त तीन, तपासणीत दोन. एवढ्या एका नियमाने जितका फरक पडतो तितका बाकीच्या सगळ्या मीटिंगांनी मिळून पडत नाही. यामागे गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले संपण्याचा वेग. टीम आठवड्याला तीन कार्डं संपवते आणि बारा कार्डं उघडी आहेत, तर प्रत्येक कार्डाला सरासरी चार आठवडे लागणार. उघडी कार्डं चारवर आणली तर साधारण नऊ दिवस. कोणी जास्त तास बसलं नाही, कोणी जोरात टाइप केलं नाही, तरी उत्तर तीनपट लवकर आलं.

मर्यादा भरली आणि एखादा डेव्हलपर मोकळा झाला तर त्याने काय करायचं? नवं कार्ड उचलायचं नाही. आधी तपासणीत अडकलेलं कोणाचं तरी काम पुढे सरकवायचं: कोड रिव्ह्यू करायचा, टेस्ट लिहायची, अडलेल्या सहकाऱ्याशेजारी बसायचं. तेही नसेल तर टेस्टचा वेग वाढवणं, जुनी कटकट दूर करणं अशी कामं असतातच. मोकळा बसलेला माणूस बघून संस्थापकाला अस्वस्थ वाटतं. पैसे जाताहेत ना. पण अर्धवट पडलेलं काम हाच खरा अडकलेला पैसा असतो, फक्त तो गोदामातल्या मालासारखा डोळ्यांना दिसत नाही. पॉपेनडीक दांपत्याच्या वाया जाणाऱ्या गोष्टींच्या यादीत अर्धवट काम आणि न लागणारी फीचरं आहेत ती याचसाठी.

राहिला ‘अर्जंट’चा प्रश्न. गावात असलेल्या संस्थापकाचा फोन येतो, ‘या केंद्राला आजच्या आज लोगो हवाय.’ त्यासाठी बोर्डावर वेगळी आडवी पट्टी ठेवा आणि तिच्यात एका वेळी एकच कार्ड. दुसरं अर्जंट आलं तर पहिलं काढून टाकायचं, आणि कोणतं काढायचं ते फोन करणाऱ्यानेच ठरवायचं. दोन-तीन वेळा हे घडलं की अर्जंटची संख्या आपोआप उतरते.

पायरी ५: आठवड्याची लय

स्क्रम की कानबान (बोर्ड आणि हातातल्या कामाच्या मर्यादेवर चालणारी पद्धत), यावर जितके तास घालवाल तितके वायाच. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार स्प्रिंट (कामाची एक फेरी) एक महिन्यापर्यंतचा असू शकतो, टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची. पाच जणांना दोन आठवडेही लांब पडतात. एक आठवड्याची लय ठेवा, आत कानबानची मर्यादा ठेवा, आणि त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

सोमवारी पाऊण तास: सध्या कोणतं गृहीतक तपासतोय आणि त्यासाठी कोणती तीन-चार कार्डं. रोज दहा मिनिटं बोर्डापुढे. ‘मी काल काय केलं’ असं माणसागणिक सांगण्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटाला आलेलं कार्ड आधी, आज ते संपवायला काय अडतंय एवढंच. माणसागणिक सुरू झालं की स्टँडअपची हजेरी होते, आणि हजेरी कोणीतरी साहेब घेत असतो. गुरुवारी डेमो, तोही खऱ्या ग्राहकाला. सचिव पुण्याला येणार नाही, मग व्हिडिओ कॉलवर त्याच्या हातात फोन देऊन बघा. आपण दाखवायचं नाही, त्याला करू द्यायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं कठीण असतं.

शुक्रवारी अर्ध्या तासाचं रेट्रो, म्हणजे आठवड्याच्या कामाकडे मागे वळून बघणं. आपल्याकडच्या टीममध्ये याची एक खास अडचण आहे: संस्थापक बोलला की बाकीचे मान डोलावतात, नुकतीच लागलेली मुलगी तर ‘सर म्हणतात तेच’ यापुढे जात नाही. उपाय साधा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी न बोलता लिहायचं, मग कागद एकत्र करून वाचायचे, संस्थापकाने सगळ्यात शेवटी बोलायचं. आणि रेट्रोतून एकच बदल पुढच्या आठवड्यासाठी निवडायचा. सात बदलांची यादी म्हणजे शून्य बदल.

लय आपल्या सोयीपेक्षा ग्राहकाच्या कामाशी जुळवा. आपल्या उदाहरणात दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास बिलं निघतात. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी बिलाच्या कोडला हात लावायचा नाही. उलट बिल निघाल्यानंतरचे दोन दिवस सोन्यासारखे, कारण तक्रारी ताज्या असतात. तुमचा ग्राहक शाळा असेल तर परीक्षा, सीएची ऑफिसं असतील तर रिटर्नची मुदत. कॅलेंडर त्यांच्याकडून घ्या.

पायरी ६: वेग टिकवायचा तर दर्जा आधी

‘आधी पटकन बनवू, टेस्ट नंतर’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. पहिले दोन महिने ते खरंही वाटतं. मग प्रत्येक बदलाला हात घालायची भीती वाटू लागते, रिलीज दर आठवड्याऐवजी दर महिन्याला होतं, रिलीज मोठं झालं की जास्त मोडतं, म्हणून ते आणखी लांबवलं जातं.

किमान काय हवं? सगळा कोड गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात), एकच मुख्य शाखा, आणि कोणाचीही वेगळी शाखा दोन दिवसांपेक्षा जास्त न जगणारी. कोड चढवला की टेस्ट आपोआप चालल्या पाहिजेत. एका कमांडने डिप्लॉय (कोड लाइव्ह करणं) आणि एका कमांडने मागे फिरणं. रोजचा बॅकअप, आणि तो परत उभा करून बघितलेला. कधीच परत उभा न केलेला बॅकअप असून नसल्यासारखा. शंभर टक्के टेस्टचा हट्ट नको. पैशांचं गणित, कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या आणि डेटाचं स्थलांतर, या तिन्हींवर टेस्ट घट्ट हव्यात. बाकी स्क्रीन उद्या फेकायचीही असेल.

अर्धवट काम मुख्य शाखेत घ्यायचं तर ते फीचर फ्लॅगमागे (सोय चालू-बंद करणाऱ्या कोडमधल्या खटक्यामागे) झाकता येतं: कोड लाइव्ह, पण एकाच केंद्राला चालू. मोठी सोय आहे, पण फ्लॅग साचू देऊ नका. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उलाढाल करणाऱ्या नाइट कॅपिटल कंपनीची १ ऑगस्ट २०१२ ची गोष्ट यासाठी प्रत्येक टीमने वाचावी. नवा कोड आठ सर्व्हरांवर हाताने चढवायचा होता, एक राहून गेला. नव्या सोयीसाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता, आणि त्या राहिलेल्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला मृत कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. चुका तीन आणि तिन्ही साध्या: हाताने डिप्लॉय, मेलेला कोड न काढणं, फ्लॅगचं नाव पुन्हा वापरणं. आजच्या आज यातलं काय आपल्याकडे आहे ते तपासा. फ्लॅग बनवतानाच तो काढून टाकण्याचं कार्डही बनवा.

तांत्रिक कर्ज ही कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये मांडली, तिचा अर्थ मात्र पुढे बराच ढिला झाला. घाणेरडा कोड लिहायची मुभा असं त्यांना म्हणायचं नव्हतं. आजच्या समजुतीप्रमाणे नीट कोड लिहा, समज बदलली की कोडही त्या समजुतीला जुळवून घ्या, नाहीतर व्याज चढतं. आपल्या टीमने ‘दर बदलत नाही’ असं धरून पहिला काप केला, ते रास्त कर्ज. दर मध्येच बदलतो हे कळल्यावर जुन्या रचनेवर ठिगळं लावत राहणं म्हणजे व्याज भरणं.

आणखी एक: उत्पादकांचे मोबाइल नंबर, बँक खाती तुमच्याकडे येतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लहान कंपनीलाही लक्षात घ्यावाच लागतो. खऱ्या बँक खात्यांचा डेटा टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर उतरवून घेणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा.

पायरी ७: मोजा, पण थोडं

डाउनलोड, नोंदणी झालेली केंद्रं, इन्स्टावरचे लाइक, हे आकडे फक्त वाढतात, निर्णयाला मदत करत नाहीत. आपल्या टीमसाठी चांगला आकडा असा: सलग तिसऱ्या पाळीचं बिल ॲपमधूनच काढणारी केंद्रं किती? पहिलं बिल कुतूहलापोटी निघतं, दुसरं संस्थापक फोन करते म्हणून. तिसरं निघालं तर कामाचं आहे.

ए/बी टेस्टचा (ग्राहकांचे दोन गट करून दोन पर्याय ताडून बघण्याचा) मोह टाळा. बारा केंद्रांवर सहा-सहाची विभागणी करून काहीही सिद्ध होत नाही. बाराही जणांना फोन करा. पण मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून नम्रपणा घ्यायला हरकत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉनी कोहावी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांचा हिशेब मांडला तेव्हा विचारपूर्वक आखलेल्या कल्पनांपैकी जेमतेम एक तृतीयांश कल्पनांनी अपेक्षित आकडा सुधारला होता. तुमच्या बॅकलॉगमधल्या (करायच्या कामांच्या यादीतल्या) कल्पना त्याहून हुशार असण्याचं कारण नाही.

कामाच्या बाजूने, डोरा या संशोधन-उपक्रमाने रूढ केलेली चार मापं पुरतात: किती वेळा डिप्लॉय करता, कोड लिहिल्यापासून लाइव्ह व्हायला किती वेळ लागतो, किती डिप्लॉयमध्ये बिघाड होतो आणि बिघाड झाल्यावर सावरायला किती वेळ लागतो. शीटमध्ये हाताने भरली तरी चालतील. माणसागणिक मापं मात्र ठेवू नका. कोणी किती कार्डं संपवली हे भिंतीवर लागलं की दुसऱ्याला मदत करणं त्याच दिवशी थांबतं.

ठरलेल्या तारखेला गृहीतकांची कार्डं काढून बसायचं: चालू ठेवायचं, वळायचं की सोडायचं. वळणं म्हणजे सगळं टाकून देणं असं नाही. टायनी स्पेक कंपनीचा ग्लिच हा ऑनलाइन खेळ चालला नाही, २०१२ च्या शेवटी बंद झाला. पण तो बनवताना टीमने आपसात बोलण्यासाठी केलेल्या साधनातून स्लॅक उभं राहिलं. आपल्या दूधवाल्या टीमला कदाचित कळेल की केंद्रं पैसे देत नाहीत, पण ज्या संघाला ती दूध घालतात त्याला सगळ्या केंद्रांचा हिशेब एका जागी हवाय. ग्राहक बदलला, बिलाचं गणित तेच राहिलं.

टीम वाढू लागली की

पाचाचे दहा झाले की सर्वांत आधी स्टँडअप रेंगाळतं, मग कार्डं एकमेकांची वाट बघू लागतात. इथे बहुतेक जण फ्रंटएंड टीम, बॅकएंड टीम, टेस्टिंग टीम अशी आडवी फाळणी करतात आणि पायरी ३ मध्ये कमावलेलं घालवून बसतात. त्यापेक्षा ग्राहकाच्या कामाप्रमाणे दोन टीम करा: एक संकलनाची नोंद बघेल, दुसरी बिल आणि पैसे. प्रत्येकीत डिझाइनपासून डिप्लॉयपर्यंत सगळं करू शकणारी माणसं हवीत. संगीत ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीची टीम-रचना, तिच्या नावांसकट, उचलून आणू नका. ती शेकडो इंजिनिअरांच्या कंपनीने स्वतःच्या अडचणींसाठी केलेली होती. स्क्रम मास्टर (पद्धत नीट चालते का बघणारा) वेगळा नेमायची गरज या टप्प्यावरही सहसा नसते. नेमायचंच तर सचिवांचे फोन उचलणारं माणूस आधी नेमा, आणि त्याची खुर्ची डेव्हलपरांच्या शेजारी ठेवा.